सूर्याचा वारा आणि घरचा हिशेब

घरातली मुलगी ‘अवकाश भौतिकीत संशोधन करणार’ म्हणाली की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे अग्निबाण उभे राहतात. वास्तविक या शास्त्राचे नाते अग्निबाणापेक्षा सूर्याशी अधिक. सूर्याकडून अखंड वाहणारा विद्युतभारित कणांचा वारा, त्याला थोपवणारे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि या झटापटीत उठणारी वादळे यांचा हा अभ्यास. १३ मार्च १९८९ रोजी अशाच एका वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली होती. तेव्हा विषय वाटतो तितका आकाशातला नाही.

आपल्याला तो परकाही नाही. सप्टेंबर १८५९ मधल्या प्रचंड सौर वादळाची नोंद मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेने केली होती. पुढे विजेच्या ट्रामचा मोजमापांना उपद्रव होऊ नये म्हणून १९०४ च्या सुमारास हे काम अलिबागला हलले. कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदींवरून २००३ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी मिळून १८५९ च्या वादळाची तीव्रता नव्याने ठरवली. ज्यांनी ते आकडे टिपले, त्यांच्या हयातीत त्यांचे खरे मोल कोणाला उमगले नाही. संशोधनात उतरणाऱ्याला किती धीर लागतो, हे यावरून कळावे.

आता प्रश्न कुठे शिकायचे हा. देशातच थांबायचे तर नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था, विक्रम साराभाईंनी १९४७ साली स्थापलेली अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि पुण्याची ‘आयुका’ या संस्था आहेत. २०२३ साली सूर्याच्या अभ्यासासाठी निघालेल्या ‘आदित्य-एल१’ यानावरील एक दुर्बीण ‘आयुका’ने, तर सौरवाऱ्याचे कण मोजणारे एक उपकरण अहमदाबादने सिद्ध केले. नेट, गेट, जेस्ट यांसारख्या परीक्षांतून वाट निघते आणि विद्यावेतन मिळते. २०२३ मध्ये कनिष्ठ संशोधकांसाठी ते दरमहा ३७ हजार रुपये झाले.

परदेशी जायचे तर माझ्यातला बँकवाला जागा होतो. अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की बहुधा शुल्क माफ होते आणि शिकवण्याच्या वा संशोधनाच्या कामाचे वेतन मिळते. नुसत्या एम.एस.चा खर्च मात्र बहुतेकदा घरच्यांनाच सोसावा लागतो. शिक्षण चालू असेतो हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असा गोड समज कर्जाच्या अर्जावर सही करताना अनेकांचा असतो. व्याज मीटरसारखे चालूच असते. मूलभूत शास्त्रातल्या अनिश्चित नोकरीच्या भरवशावर राहते घर तारण ठेवण्याआधी दहादा विचार करावा. नासाच्या थेट सरकारी नोकरीसाठी सर्वसाधारणपणे अमेरिकी नागरिकत्व लागते, हेही निघण्यापूर्वी ठाऊक असलेले बरे.

विद्यापीठाच्या नावाला भुलू नये. पाच-सहा वर्षे काढायची असतात ती एका मार्गदर्शकाच्या हाताखाली. त्याचे विद्यार्थी किती वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडले? आज ते कुठे आहेत? काम उपकरण घडवण्याचे आहे, यानाने पाठवलेली माहिती चाळण्याचे, की संगणकावर गणित मांडण्याचे? त्याच्या प्रकल्पाला पैसा किती वर्षे पुरणार? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. स्थळ पाहताना आपण चार घरी चौकशी करतोच. इथे तर पोरीच्या उमेदीच्या वर्षांचा सौदा आहे.

आणि ‘मुलीला इतकी वर्षे कशाला’ हा प्रश्न कोणी काढलाच, तर ‘आदित्य-एल१’ निघाले तेव्हा त्याच्या प्रकल्प संचालकपदी निगार शाजी ही एक स्त्री होती, एवढे सांगावे.

हे शास्त्र शिकलेले सगळेच त्यातच राहतील असे नाही. प्रचंड आकडेवारीतून अर्थ काढण्याचे कौशल्य हाती आले की हवामान, संगणक, अगदी बँकांचीही दारे उघडतात. पैशाचा हिशेब आईवडिलांनी चोख मांडून द्यावा. मात्र कोणत्या प्रश्नामागे आयुष्य लावायचे, ते तिचे तिला ठरवू द्यावे. तिथे आपली सही लागत नाही.