विश्लेषण : जपानची ‘फायनल फँटसी’ पाश्चात्त्य होऊ पाहते, तेव्हा काय होते?

‘द गेम अवॉर्ड्स’ या व्हिडीओ गेमच्या दुनियेतील सर्वाधिक चर्चेच्या पुरस्कारांत डिसेंबर २०२५मध्ये वर्षातील सर्वोत्तम गेमचा मान ‘क्लेर ऑब्स्क्यूर : एक्सपिडिशन ३३’ या फ्रेंच गेमला मिळाला. फ्रान्समधील माँपेलिए शहरातल्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या लहानशा स्टुडिओचा हा पहिलाच गेम. त्याचे दिग्दर्शक गियोम ब्रोश जपानच्या ‘फायनल फँटसी’ मालिकेवर वाढले आणि आपल्या गेमवरचे हे ऋण त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. गंमत अशी की, ज्या पाळीपाळीच्या लढतींवर फ्रेंच गेम उभा आहे, त्या ‘फायनल फँटसी’ने आपल्या ताज्या मुख्य भागात पूर्ण सोडून दिल्या. पाश्चात्त्य खेळाडूंना आवडावे म्हणून जपान्यांनी जे टाकले, तेच पाश्चात्त्यांनी उचलून त्यावर सर्वोच्च पुरस्कार मिळवला. सुमारे ३८ वर्षे चाललेल्या आणि २० कोटींहून अधिक प्रती खपलेल्या या मालिकेपुढे त्यामुळे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा आहे.

मुळात ही मालिका किती जपानी?

‘फायनल फँटसी’चा पहिला भाग १८ डिसेंबर १९८७ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्रासाठी आला. कंपनी होती स्क्वेअर आणि कर्ते हिरोनोबू साकागुची. ‘एफएफ’ असे सुटसुटीत लघुरूप होईल, असे नाव त्यांना हवे होते. आधी ‘फायटिंग फँटसी’ ठरले होते, पण ते नाव अगोदरच वापरात असल्याने ‘फायनल’ आले. म्हणजे नाव इंग्रजी. आतला ऐवजही बराचसा अमेरिकी. अमेरिकेत १९७४मध्ये आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ हे त्याचे उगमस्थान. योद्धा, काळी जादू करणारा, पांढरी जादू करणारा अशी पात्रांची विभागणी, प्रत्येक पातळीवरचे मंत्र ठरावीक वेळाच वापरता येण्याचा नियम, कित्येक राक्षस हे सारे तिथून आले. लढतीची रचना करणारे अकितोशी कावाझू यांनी तो आदर्श समोर ठेवूनच काम केले होते.

मधला एक टप्पाही महत्त्वाचा. ‘विझर्डरी’ आणि ‘अल्टिमा’ हे अमेरिकी संगणकी गेम १९८१चे. ते जपानमधल्या संगणकवेडय़ा मंडळींपर्यंत पोहोचले, पण घरोघरी नव्हे. युजी होरी यांनी १९८६मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधून तो प्रकार सोपा केला. किचकट आज्ञा टंकायच्या नाहीत, समोरच्या यादीतून ‘हल्ला’, ‘मंत्र’, ‘पळा’ निवडायचे. एक खेळी तुमची, मग एक समोरच्याची, बुद्धिबळासारखे. ‘फायनल फँटसी’ त्याच वाटेवर वर्षभराने आली.

आणखी एक तपशील अनेकांना चकित करतो. पहिल्या तीन भागांचे मुख्य प्रोग्रॅमर होते नासिर जिबेली, इराणी वंशाचे अमेरिकी. त्यांच्या व्हिसाची मुदत संपली, तेव्हा जपानी चमूच सामानसुमान घेऊन कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोला गेला आणि उरलेले काम तिथे पूर्ण झाले. ‘शुद्ध जपानी’ गेमचा आग्रह धरणाऱ्यांनी ही सुरुवात विसरू नये.

मग जपानी काय आहे?

सांगण्याची रीत. अमेरिकी गेममध्ये खेळाडू स्वत:चे पात्र बनवतो आणि वाटेल तिकडे भटकतो. जपानी गेममध्ये पात्रे लेखकाने घडवलेली असतात. त्यांना आई-वडील, अपराधगंड, प्रेमभंग असतात आणि खेळाडू त्यांच्यासोबत चालतो. ‘मांगा’ म्हणजे जपानी चित्रकथा वाचणाऱ्या पिढीला हे सवयीचे होते. सहाव्या भागात (१९९४) तर चक्क ऑपेराचा प्रयोग रंगतो आणि नायिकेची ओळ चुकली तर तो फसतो. सातव्या भागात (१९९७) एरिथ ही मुख्य पात्रांपैकी एक मुलगी मध्येच मारली जाते. खेळाडूने कितीही कसब दाखवले, तरी ती परत येत नाही. त्या मृत्यूची आठवण आज चाळिशीत असलेले खेळाडूही काढतात.

चित्र आणि संगीत मात्र कोणत्याच एका खात्यात बसत नाही. योशिताका अमानो यांच्या रेखाटनांत एकीकडे उकियो-ए या जुन्या जपानी छापचित्रांची आणि दुसरीकडे क्लिम्ट व युरोपातील आर नूव्हो शैलीची छाया दिसते. संगीतकार नोबुओ उएमात्सु कोणत्याही संगीतशाळेत न जाता एल्टन जॉन आणि ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकत घडले. सातव्या भागाच्या अखेरीस वाजणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध रचनेत लॅटिन कोरस आहे आणि मागे स्त्राविन्स्की व जिमी हेंड्रिक्स यांची आठवण. ज्याच्यासाठी ती वाजते, त्या खलनायकाचे सेफिरॉथ हे नाव यहुदी गूढविद्येतले आणि हातातली तलवार मात्र ‘मासामुने’, म्हणजे मध्ययुगीन जपानच्या नामांकित तलवार-कारागिराच्या नावाची.

शिव इथे बर्फाची देवी कशी झाली?

भारतीय खेळाडू पहिल्यांदा अडखळतो तो इथे. या मालिकेत संकटात पाचारण करता येणाऱ्या महाशक्ती असतात. त्यांत ओडिन नॉर्डिक पुराणांतला, इफ्रित अरबी कथांतला, लेव्हायथन बायबलमधला. आणि ‘शिवा’? तिसऱ्या भागापासून (१९९०) ती आहे, पण स्त्रीरूपात, निळसर कांतीची, शत्रूला गोठवणारी. कैलास आणि निळा वर्ण एवढाच धागा दिसतो; संहार, तप, तांडव काहीच नाही. तेराव्या भागात तर ‘शिवा’ या दोन बहिणी असून त्या एकमेकींना जोडल्या जाऊन मोटारसायकल होतात! भाविकाला हे खटकू शकते आणि त्यात गैर काही नाही. मात्र हा न्याय केवळ हिंदू दैवतांना लावलेला नाही. बहामूत पाहा : अरबी विश्वकल्पनेत तो पृथ्वीचा भार वाहणारा महाकाय मासा, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने १९७०च्या दशकात त्याला ड्रॅगन केले, जपान्यांनी तो ड्रॅगन तसाच उचलला आणि आता जगभरच्या तरुणांना बहामूत म्हणजे ड्रॅगनच वाटतो. दोन हात बदलले आणि माशाचे पंख फुटले.

पुढे ही उचल थोडी जाणती झाली. चौदावा भाग हा ऑनलाइन खेळला जातो. त्यात रावण (२०१५) आणि लक्ष्मी (२०१७) आले. २०२१च्या ‘एंडवॉकर’ या विस्तारात रॅड्झ-ॲट-हान हे भारतीय धाटणीचे अख्खे शहर उभे राहिले. तिथला रक्षक ड्रॅगन आहे व्रित्रा. वेदांतला इंद्राचा शत्रू इथे प्रजेवर माया करणारा राजा आहे. हे निव्वळ नाव चिकटवणे नव्हे, कथेचा विचार करून केलेला उलटा डाव आहे.

अमेरिकेत जाताना काय बदलले?

सुरुवातीला बरेच. चौथा भाग अमेरिकेत ‘दुसरा’ म्हणून आणि सहावा ‘तिसरा’ म्हणून विकला गेला, कारण मधले भाग तिथे पोहोचलेच नव्हते. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेला धार्मिक उल्लेख नको होते. त्यामुळे ‘होली’ हा मंत्र ‘व्हाइट’ झाला, प्रार्थनेचा मनोरा इच्छेचा मनोरा झाला. पाश्चात्त्य धर्मकल्पना जपानमध्ये जाऊन सजावट झाली होती; परत पश्चिमेला येताना मात्र ती पुन्हा नाजूक बाब ठरली.

जुलै २००१ : एकाच महिन्यात दोन वाटा

पूर्णपणे पाश्चात्त्य होण्याचा पहिला मोठा प्रयत्न गेममध्ये नव्हे, चित्रपटात झाला. साकागुची यांनी होनोलुलूत स्टुडिओ उभारून ‘फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन’ हा संगणकनिर्मित चित्रपट केला. माणसे हुबेहूब, आवाज हॉलिवूडच्या नटांचे, कथा परग्रहावरील आत्म्यांची. ११ जुलै २००१ रोजी तो अमेरिकेत झळकला. खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर, जगभरची कमाई साडेआठ कोटींच्या आसपास. स्क्वेअरने चित्रपटांचा उद्योग गुंडाळला. साकागुची पुढे कंपनीतून बाहेर पडले आणि २००३मध्ये स्क्वेअर व ‘ड्रॅगन क्वेस्ट’वाली एनिक्स एकत्र आल्या.

आठच दिवसांनी, १९ जुलैला, जपानमध्ये दहावा भाग आला. त्याची स्पिरा ही दुनिया मध्ययुगीन युरोपसारखी नव्हती. ओकिनावाची बेटे, आग्नेय आशिया आणि दक्षिण पॅसिफिकचा समुद्र तिच्यामागे होता. नायक टिडसचे नाव ओकिनावाच्या बोलीतल्या ‘सूर्य’ या शब्दावरून, नायिका युनाचे तिथल्या एका फुलावरून. बुडालेल्या गावकऱ्यांच्या आत्म्यांना वाट दाखवण्यासाठी ती पाण्यावर नाचते. मेलेल्यांना नीट निरोप दिला नाही तर ते भटकत राहतात, ही समजूत कोकणातल्या वाचकालाही समजावून सांगावी लागणार नाही. मालिकेतल्या सर्वाधिक आशियाई वळणाच्या या भागाने अमेरिका-युरोपातही मोठे यश मिळवले. ब्रोश ज्या भागांचे ऋण मानतात, त्यांत हाही आहे.

सोळाव्या भागात काय ठरवले गेले?

मधल्या काळात गेम बनवण्याचा खर्च प्रचंड वाढला आणि केवळ जपानी बाजारावर तो निघेनासा झाला. पंधराव्या भागाने (२०१६) अमेरिकी धाटणीची मोटारसफर, महामार्गावरची खानावळ, टोकियोच्या शिंजुकूसारखी राजधानी आणि व्हेनिससारखे शहर असे कडबोळे केले. सोळाव्याने (२२ जून २०२३) मात्र ठाम बाजू घेतली. निर्माते नाओकी योशिदा यांनी प्रमुख सहकाऱ्यांना ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका पाहायला लावली. लढती क्षणाक्षणाच्या, हातघाईच्या झाल्या. त्यासाठी ‘डेव्हिल मे क्राय ५’वर काम केलेले र्योता सुझुकी आले. ब्रिटिश आवाज आधी मुद्रित झाले, पात्रांच्या ओठांच्या हालचाली इंग्रजीवर बेतल्या गेल्या. हिंसा व शृंगारामुळे अमेरिकेत मुख्य मालिकेतील एखाद्या भागाला प्रथमच १७ वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचे मानांकन मिळाले.

पाश्चात्त्य होण्याची किंमतही लगेच मोजावी लागली. पात्रे जवळपास सगळीच गोरी का, असे विचारले असता, हे मध्ययुगीन युरोपवर आधारित बंदिस्त जग आहे, अशा आशयाचे उत्तर योशिदांनी दिले आणि पाश्चात्त्य समीक्षकांनी त्यावर टीका केली. टीका रास्त होती; कल्पित जगात ड्रॅगन चालतात, मग वर्णांची विविधता चालत नाही हा युक्तिवाद तोकडाच. पण दुसऱ्याचा इतिहास सजावट म्हणून घेतला, की त्या इतिहासावरचे वादही सोबत येतात, हेही यातून दिसले.

पुढे आणखी उपरोध. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा ‘बाल्डर्स गेट ३’ आला. आधार थेट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा, लढती पाळीपाळीच्या. वर्षातील सर्वोत्तम गेम तोच ठरला. तरुणांना थांबून विचार करायला लावणारा खेळ नको, हा अंदाज दोन महिन्यांत चुकीचा ठरला होता.

‘जेआरपीजी’ शब्दावर नाराजी का?

फेब्रुवारी २०२३मध्ये योशिदा एका मुलाखतीत म्हणाले होते, की ‘जपानी रोल प्लेइंग गेम’ हे लेबल पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते अनेक निर्मात्यांना हिणवल्यासारखे वाटले. आपण नुसते गेम बनवत होतो, वेगळ्या कप्प्यात कोणी घातले, असा तो सल. हा सल समजण्यासारखा आहे, कारण २०१०च्या आसपास पाश्चात्त्य समीक्षेत या शब्दाला ‘जुनाट’ अशी छटा होतीच. सोळाव्या भागातली युरोपीय धडपड त्या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. पण मधल्या काळात त्या शब्दाचा अर्थ पालटला. आज फ्रेंच निर्माता तोच प्रकार अभिमानाने मिरवतो.

पैशाचे गणित काय सांगते?

सोळाव्या भागाने पहिल्या आठवडय़ात ३० लाख प्रतींचा टप्पा गाठला. हे अपयश नव्हे. पण नफा अपेक्षेइतका झाला नसल्याचे स्क्वेअर एनिक्सने २०२४मध्ये मान्य केले. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’बाबतही तेच. याचे सारे खापर शैलीवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण दोन्ही गेम सुरुवातीला फक्त प्लेस्टेशन ५वर होते आणि ते यंत्र नसलेला मोठा वर्ग बाहेर राहिला. नवे अध्यक्ष ताकाशी किर्यू यांनी मे २०२४मध्ये तीन वर्षांची योजना मांडली : कमी पण दर्जेदार गेम आणि ते सर्व यंत्रांवर. सोळावा भाग त्यानंतर संगणकावर आणि जून २०२५मध्ये एक्सबॉक्सवर पोहोचला.

‘एक्सपिडिशन ३३’च्या ३३ दिवसांत ३३ लाख प्रती खपल्या, त्याही ‘फायनल फँटसी’च्या तुलनेत फार लहान चमूच्या बळावर. त्यातल्या लढती जपानी वळणाच्या आहेत, पण शहर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पॅरिसची आठवण देणारे आहे, तिथे वाकलेला आयफेल टॉवर आहे आणि पात्रांची नावे गुस्ताव्ह, माएल, सिएल अशी आहेत. ब्रोश यांनी ‘फायनल फँटसी’कडून खेळाची रीत घेतली आणि गाव मात्र आपले ठेवले. दहाव्या भागात ओकिनावा होते, तसेच. सतराव्या भागातल्या लढती पाळीपाळीच्या असतील की हातघाईच्या, हे स्क्वेअर एनिक्सने अद्याप जाहीर केलेले नाही.