‘बेसिक’ गट : चौघांची मोट किती काळ?

१८ डिसेंबर २००९ रोजी कोपनहेगन येथील हवामान परिषदेत एक विलक्षण प्रसंग घडला. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा चीनचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांच्या भेटीस गेले, तो दालनात डॉ. मनमोहन सिंग, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे जेकब झुमा हेही बसलेले! तेथेच बोलणी होऊन कोपनहेगन मसुद्याचा गाभा ठरला. युरोपीय नेते त्या दालनात नव्हते.

या चार राष्ट्रांचा ‘बेसिक’ गट बीजिंगमध्ये स्थापन होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे लोटले होते. त्यांचे म्हणणे साधे होते : वातावरणात साठलेला कार्बन प्रामुख्याने धनिक राष्ट्रांच्या दीर्घकालीन औद्योगिकीकरणाचा आहे, सबब कपातीचे बंधन प्रथम त्यांच्यावर असावे. हे म्हणणे आम्हांस आजही न्याय्य वाटते.

परंतु त्याच परिषदेत तुवालू या चिमुकल्या बेटराष्ट्राने मोठ्या विकसनशील देशांनाही कायदेशीर बंधनाच्या कक्षेत आणणारा नवा करार मागितला होता. त्यास विरोध करणाऱ्यांत चीन होता आणि आपला भारतही होता. ज्याच्या उंबऱ्याशी समुद्र आला आहे, त्याला कार्बन जुना की नवा याने काय फरक पडतो?

आज तर चौघे एका पंक्तीचेही राहिलेले नाहीत. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी जवळजवळ एक-तृतीयांश एकट्या चीनचे आहे. दरडोई उत्सर्जनात त्याने युरोपीय संघालाही मागे टाकले आहे. भारताचे दरडोई उत्सर्जन चीनच्या सुमारे एक-चतुर्थांश. ब्राझीलचे दुखणे मुख्यतः जंगलतोडीचे, दक्षिण आफ्रिकेचे कोळशाचे.

२०२४ मध्ये बाकू येथे विकसनशील देशांनी वर्षाला १३०० अब्ज डॉलर्स मागितले. श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्जांचे उद्दिष्ट मान्य केले. भारताने भर सभेत निषेध नोंदवला, तो योग्यच होता. परंतु चीननेही या निधीत भर घालावी, या युरोपच्या आग्रहाला आपण केवळ पाश्चात्त्यांची पळवाट म्हणून झटकून टाकावे काय? (पळवाट ती आहेच, यात शंका नाही.)

त्याच परिषदेच्या आरंभी चीनने चौघांच्या वतीने युरोपच्या सीमेवरील कार्बन-आकारणीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची मागणी केली. भारतीय पोलादास या आकारणीची झळ बसणार असल्याने ही साथ आपल्या हिताचीच. मात्र बेटराष्ट्रांच्या हानीसाठी २०२२ मध्ये मान्य झालेल्या निधीत बीजिंगचा वाटा किती असावा, हा विषय भारताने चौघांच्या पुढील बैठकीतच काढावयास हवा.