शार्क नव्हे, पाश : नागपूरकडच्या सावकारीचा इतिहास आणि एका रूपकाची लबाडी

१/
सावकाराला ‘शार्क’ म्हणण्याची रीत आता मराठी मीम्समध्येही रुळली आहे. धोतर-पगडीतला एक मासा, तोंडात दातांच्या तीन रांगा आणि पुढ्यात अर्धा चावलेला सातबारा. गंमत म्हणून चित्र झकास आहे. इतिहास म्हणून मात्र ते खोटे आहे, आणि हा खोटेपणा कोणाच्या तरी सोयीचा आहे.

२/
आधी माशाविषयी. कोकणात शार्कला मुशी किंवा मोरी म्हणतात. लहान मुशी बाजारात येते, तिचे कालवण होते. म्हणजे मराठी माणसाला हा मासा जिथे खरोखर भेटतो, तिथे माणूसच त्याला खातो. सावकारीसाठी मराठीने निवडलेला शब्द वेगळा आहे : पाश. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली मूकपट काढला, त्याचे नाव ‘सावकारी पाश’. १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात आला. दात जन्मतः येतात. पाश कोणीतरी वळावा लागतो, त्याला गाठ मारावी लागते, त्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असते. प्रश्न त्या हाताचा आहे.

३/
भोसल्यांच्या नागपूर राज्यात सावकार नव्हता काय? होता, आणि दयाळू नव्हता. गावचा पाटील वसूल गोळा करी. सरकारचा हप्ता वेळेवर भरण्यासाठी सावकाराचा पैसा लागे. कुणब्याला पेरणीचे बी वाढीदिढीने मिळे : पायलीला सुगीत सव्वा पायली, नाहीतर दीड. उत्तरार्धातील मक्तेदारीने रयत पिळली गेली हेही खरे. ते सुवर्णयुग म्हणून रंगवण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत सहजासहजी घडत नसे : कर्जाच्या निकालापोटी गावाची मालकीच सावकाराच्या नावावर चढणे. त्याला पीक हवे असे, आणि पिकासाठी कुणबी शेतावर टिकणे भाग होते.

४/
१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि त्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांना जमिनीचे मालक ठरवले. मालगुजार या शब्दाचा अर्थ सारा भरणारा एवढाच. जो वसुलीचा दुवा होता तो कागदाच्या एका फटकाऱ्याने धनी झाला.

वरवर पाहता हा मालगुजाराचा लाभ. पण जे मालकीचे झाले ते गहाण पडू शकते, विकले जाऊ शकते, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यात जप्त होऊ शकते. १८६१ ते ६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाने कापसाचे भाव भडकवले, १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली. जमिनीला किंमत आली आणि त्या किमतीवर कर्ज मिळू लागले. पुढे भाव कोसळले. कर्ज तसेच उभे राहिले. मग सावकार गावोगाव मालगुजार होऊ लागले. लोभ तोच होता. तारण नवे होते.

५/
आता पाशाचा पीळ पाहावा, कारण खरी करामत इथे आहे.

हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता : एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. १८५५ मध्ये कंपनी सरकारने व्याजदराची कायदेशीर मर्यादा काढून टाकली. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला : साध्या रोख्यावर दावा तीन वर्षांच्या आत लावावा. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, जुने मढे उकरले जाऊ नये असा. घडले उलटे. मुदत संपत आली की सावकार म्हणे, फेड, नाहीतर नवा रोखा लिहून दे. नव्या रोख्यात थकलेले व्याज मुद्दल होऊन बसे.

उदाहरणादाखल हिशेब करावा. १०० रुपये, दरमहा शेकडा २. तीन वर्षांत व्याज ७२, म्हणून नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी तो सुमारे २९६ चा, नऊ वर्षांनी सुमारे ५०९ चा. रोखा एकदाही न बदलता सरळ व्याजाने हीच रक्कम ३१६ झाली असती. दामदुपटीची मेखही अशीच निखळली : व्याजच मुद्दल झाल्यावर मर्यादा कशाची मोजायची? हे १९३ रुपये माशाच्या दातांनी तोडलेले नाहीत. रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या तीन वर्षांतून ते निघाले आहेत.

६/
हे त्या काळच्या शेतकऱ्याला कळत नव्हते असे समजू नये. विदर्भाबाहेर, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी जमाव उठला आणि दंग्याचे लोण पुणे-नगर भागात पसरले. या जमावाला काय हवे होते? रोखे आणि हुकूमनामे. सावकाराने कागद निमूट दिले तिथे मारहाण बहुधा झाली नाही. कागद जाळले की काम संपे. चौकशी आयोगालाही हे दिसले. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या लोकांनी दात कुठे आहेत हे नेमके ओळखले होते : स्टँप लावलेल्या कागदात.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. नागपूर वेगळ्या प्रांतात होते.

७/
शार्कच्या रूपकात आणखी एक विष आहे. शार्क ही वेगळी जात, बाहेरून आलेली. म्हणजे सावकार हा परका, आणि मग एखाद्या समाजाकडे बोट दाखवले की इतिहास आटोपला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचे आकडे या गोष्टीच्या आड येतात. ग्रामीण कर्जात व्यावसायिक सावकारांचा वाटा सुमारे ४५ टक्के होता, पण शेती करणाऱ्या सावकारांचाही सुमारे २५ टक्के होता. म्हणजे चौथा हिस्सा गावातल्याच थोराड वाड्यांतून येत होता. सहकारी संस्थांचा वाटा? सुमारे ३ टक्के.

८/
‘पण व्याज तर सावकारच घेत होता ना?’ घेत होता. त्याला निर्दोष सोडा, असे कोणी म्हणत नाही. परंतु लोभ १८५० मध्येही होता आणि १८८० मध्येही. जे दोन्हीकडे सारखेच आहे, त्याने मधला बदल सिद्ध होत नाही. बदलले ते जमिनीचे कायदे, कोर्ट आणि बाजार.

मध्य प्रांताच्या सरकारला हे पुढे उमगलेही. १८९८ मध्ये कुळांच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध, १९३३ चा कर्ज समेट कायदा, १९३४ चा सावकारी कायदा. पाश वळणारेच गाठी सैल करत होते, तेही सावकाशीने. मालगुजारी १९५१ मध्ये संपली.

९/
हात दिसत नसेल तर २००६ चे खामगाव पाहावे. बुलढाणा जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला सत्ताधारी पक्षाच्या आमदाराच्या सावकारी करणाऱ्या कुटुंबाविरुद्ध तक्रार नोंदवायची होती. तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात सूचना आली की अशा तक्रारी आधी जिल्हा समितीकडे पाठवाव्यात. ही सूचना ठाण्याच्या डायरीत नोंदली गेली, म्हणून ती आज इतिहासाला उपलब्ध आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने राज्य सरकारला २५ हजारांचा भुर्दंड लावला. सरकार अपिलात गेले; डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो १० लाख केला.

भुर्दंड सावकाराला नव्हता, शासनाला होता.

१०/
चार वर्षांनी, डिसेंबर २०१४ च्या नागपूर अधिवेशनात, विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे माफ करण्याची घोषणा झाली. माफ म्हणजे काय, तर ती रक्कम सरकारी तिजोरीतून सावकारांना चुकती करायची. विनापरवाना सावकाराचा ऋणको या यादीत बसत नव्हता, कारण त्याचे कर्ज कागदावर कर्ज म्हणून अस्तित्वातच नसते. ते बहुधा जमिनीचे खरेदीखत असते : दुय्यम निबंधकासमोर रीतसर नोंदलेले, मुद्रांक भरलेले. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात मागील १५ वर्षांतील असे खत अवैध सावकारीतून झालेले ठरल्यास ते रद्द करून जमीन परत देण्याची तरतूद आहे. अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करायचा असतो, आणि विक्री दिसणारा तो व्यवहार मुळात कर्ज होते हे तिथे दाखवून द्यावे लागते.