थोडा प्रॉब्लेम आहे

मागच्या सत्रातली गोष्ट. रात्री दिवे बंद होण्याच्या थोडे आधी आमच्या हाऊसमधला सातवीचा एक कॅडेट माझ्या पलंगापाशी आला. हाऊसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच. इतरांसमोर तो मला 'सर' म्हणतो, दोघेच असलो की 'दादा'. तो म्हणाला, "दादा, थोडा प्रॉब्लेम आहे." मी बुटांना पॉलिश करत होतो. मान वर न करताच म्हणालो, "प्रॉब्लेम सगळ्यांनाच असतो. जा, झोप." तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीच्या वेळी तो पोट धरून मैदानावर खाली बसला. एमआय रूममधून त्याला लगेच हॉस्पिटलमध्ये हलवले आणि संध्याकाळी त्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. आणखी उशीर झाला असता तर अपेंडिक्स फुटले असते, असे डॉक्टर म्हणाले. त्याचे पोट दोन दिवसांपासून दुखत होते. त्या दोन दिवसांत तो वर्गमित्राला म्हणाला होता, "टेन्शन आलंय." आईला फोनवर म्हणाला होता, "ठीक आहे." आणि मला म्हणाला होता, "थोडा प्रॉब्लेम आहे." तो तिघांशी बोलला, आणि तिघांनाही काहीच कळले नाही.

आता तो बरा आहे, फुटबॉलही खेळतो. पण त्या रात्रीचे माझे उत्तर मला अजून टोचते. म्हणून हा लेख.

आपण प्रॉब्लेम, टेन्शन आणि डिस्टर्ब हे तीन इंग्रजी शब्द इतके वापरले आहेत की ते जुन्या नाण्यासारखे गुळगुळीत झाले आहेत. गणिताचा पेपर आला की टेन्शन, बुटाची लेस तुटली की प्रॉब्लेम. एका मित्राचे आजोबा वारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "तो जरा डिस्टर्ब आहे." शेजारचा मोठ्याने गाणे म्हणत होता, तेव्हाही आम्ही हेच म्हणालो, "डिस्टर्ब करू नकोस." आजोबा गेल्याचे दुःख आणि गाण्याचा त्रास यांना एकच शब्द!

यात इंग्रजीचा दोष नाही. संकटाचे शब्द किती नेमके असू शकतात, हे मला इंग्रजीतूनच समजले. जहाज आणि विमान यांच्या रेडिओवर संकटाच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली 'डिस्ट्रेस', म्हणजे जिवावरचे संकट, मदत आत्ताच हवी. तिची खूण 'मेडे', आणि तो शब्द तीनदा उच्चारायचा. दुसरी 'अर्जन्सी', म्हणजे बाब तातडीची आहे पण जीव या क्षणी धोक्यात नाही. तिची खूण 'पॅन-पॅन'. तिसरी 'सेफ्टी', म्हणजे वादळ किंवा समुद्रात तरंगणारा अडथळा यांची सूचना. 'मेडे' हा शब्द 1920 च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी सुचवला. तिथली बरीचशी विमाने पॅरिसला जात, म्हणून त्यांनी 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून तो घेतला. 1927 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ऐकणारा कोणत्याही देशाचा असो, त्याला संकटाची पायरी एका क्षणात कळली पाहिजे, हा यामागचा विचार.

तो शब्द उच्चारला नाही तर काय होते? 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेले एक बोइंग 707 विमान खराब हवामानामुळे तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आले. कॅप्टनने सहवैमानिकाला इमर्जन्सी कळवायला सांगितले. सहवैमानिकाने कंट्रोलला कळवले ते असे, की इंधन संपत चालले आहे, आम्हाला प्राधान्य हवे आहे. 'इमर्जन्सी' हा शब्द तो बोललाच नाही, 'मेडे' तर नाहीच. खालच्या लोकांनी त्याला इतर विमानांसारखेच रांगेत धरले. विमान लाँग आयलंडवर कोसळले. 158 पैकी 73 माणसे गेली. इंधन वेळेवर न सांभाळणे ही चूक होतीच, पण संकट योग्य शब्दांत न कळवणे हेही चौकशीत कारण म्हणून नोंदले गेले.

सैन्यातलीही एक गोष्ट सांगतात. एप्रिल 1951 मध्ये कोरियात इमजिन नदीवर ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी फौजांचा प्रचंड हल्ला झाला. ब्रिगेडियरने आपल्या अमेरिकन वरिष्ठांना कळवले की इथे जरा अवघड झाले आहे. ब्रिटिश माणसाच्या तोंडी 'जरा अवघड' म्हणजे फार वाईट. अमेरिकन अधिकाऱ्याला वाटले, अवघड आहे पण निभते आहे. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन टेकडीवर वेढली गेली आणि तिचे बहुतेक जवान मारले गेले किंवा कैद झाले. 'थोडा प्रॉब्लेम आहे' या वाक्याचे ते सैनिकी रूप होते, असे मला वाटते.

इथे काही मित्र म्हणतील, "आपण कॅडेट आहोत. रडगाणे गाणे आपल्याला शोभत नाही." मलाही ते शोभत नाही असेच वाटते. पण कुरकुर करणे वेगळे आणि रिपोर्ट देणे वेगळे. एनसीसीत आपण सहा आकडी ग्रिड रेफरन्स शिकतो. नकाशावरचे एखादे देऊळ कुठे आहे ते शंभर मीटरच्या आत सांगतो. स्वतःचे पोट कुठे आणि कधीपासून दुखते आहे, हे मात्र आपल्याला सांगता येत नाही! नेमके सांगणे हा भित्रेपणा नाही, ती शिस्त आहे. उलट रोज उठून "मेलो, मेलो" म्हणणाराही शब्द वायाच घालवतो. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकली आहे.

आणि नुसत्या सांगणाऱ्याला दोष देऊन चालणार नाही. समुद्रावर मेडे ऐकू आला की त्या चॅनेलवर इतरांनी आपले बोलणे थांबवायचे असते. शांतता पाळण्याची आज्ञा रेडिओवरून दिली जाते. हा नियम मला सगळ्यात आवडतो. डॉर्मिटरीत आपण नेमके उलटे करतो. कोणी रडवेला झाला की कोणी नक्कल करतो, कोणी "घर की याद आ रही है क्या?" म्हणून चिडवतो. त्या रात्री मी नक्कल केली नाही, पण पॉलिशचा ब्रशही खाली ठेवला नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. ज्युनिअर मित्रांनो, 'प्रॉब्लेम' म्हणून थांबू नका. काय होते आहे, कुठे आणि कधीपासून, एवढे सांगा. इंग्रजी, हिंदी, मराठी, ज्या भाषेत नेमके जमेल त्या भाषेत सांगा. आपल्या मराठीत दुखणे, ठणकणे, कळ येणे, घालमेल, धास्ती, हुरहुर असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. सीनिअर मित्रांनो, कोणी "थोडा" म्हणाला तर हातातले काम खाली ठेवून एक प्रश्न जास्त विचारा. आणि आईबाबांनो, फोनवर "सगळं ठीक ना?" असे विचारू नका. त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पाठ आहे. "काल रात्री झोप लागली का? आज काय जेवलास?" असे विचारा.

फोन ठेवताना माझी आई नेहमी म्हणते, "काळजी घे." इंग्रजीत 'वरी' आणि 'केअर' असे दोन शब्द आहेत, मराठीत दोन्हींना 'काळजी'च म्हणतात. काळजी वाटते आणि काळजी घेतली जाते. त्या रात्री त्या लहान मुलाला काळजी वाटत होती. ती घेण्याचे काम माझे होते.

परवा तो पुन्हा माझ्या पलंगापाशी आला. म्हणाला, "दादा, थोडा प्रॉब्लेम आहे." मी ब्रश खाली ठेवला. विचारले, "काय, कुठे, कधीपासून?" तो हसला आणि म्हणाला, "पॉलिश संपलंय. कालपासून."

मी माझी डबी त्याला दिली.