आधी माशी, मग बेडूक

कापडाच्या गादीवर बेडकाची गोष्ट कशाला, असे व्यापारी बंधू विचारतील. झाले ते असे. गेल्या फेब्रुवारीत आमच्या बाजारातील एका अस्तरवाल्याचा मुलगा आमच्याकडे आला. हाती निळ्या बेडकाचे चित्र. याला डार्ट फ्रॉग म्हणतात. कोणी दलाल जोडी द्यायला तयार होता. पंचेचाळीस हजार रोख, बिल नाही, कागद नाही. मुलाला पैसे उसने हवे होते. म्हणाला, "चाचा, शौकही होईल आणि पिल्ले विकून धंदाही होईल."

शौकाला आमचा विरोध नाही. आम्ही फक्त दोन प्रश्न विचारले. हा खातो काय? आणि याची पावती कुठे? दोन्हींचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. मग आम्हीच चौकशीला लागलो.

हा जीव मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या ओल्या जंगलांतला. दीड-दोन इंचांचा, पण रंग असा की उत्तम रंगारीही हात टेकेल. कोलंबियातील एम्बेरा लोक फुंकणीच्या बाणांची टोके याच्या पाठीवर घासून विषारी करीत, त्यावरून हे नाव पडले. खरे तर अशा कामी येणारे प्रकार दोन-तीनच. बाकीच्या दोनशेच्या आसपास प्रकारांना नाव फुकट चिकटले. विषही बेडूक जंगलातल्या मुंग्या आणि बारीक किडे खाऊन साठवतो. पेटीत जन्मलेल्या, फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात ते नसते. तरी त्याला हातात घेऊन मिरवू नये. त्याच्या कातडीतून सगळे आत शिरते; आपल्या हाताचा साबण आणि अत्तर त्यालाच बाधते.

आता खाण्याचे. इथेच नवखा माणूस बुडतो. हा बेडूक मेलेले, वाळलेले काही खात नाही. त्याला हलणारा, अगदी बारीक किडा लागतो, आणि तो जवळपास रोज. म्हणून पाळणारे लोक उडता न येणारी फळमाशी बाटल्यांत पैदा करतात. लहान जातीची माशी दोन आठवड्यांत तयार होते, मोठ्या जातीला तीन-चार आठवडे लागतात. एक बाटली संपण्याआधी दुसरी सुरू हवी, नाहीतर मध्ये खाडा पडतो. माशी खायला घालताना तिच्यावर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची भुकटी भुरभुरावी लागते. नुसत्या माशीवर बेडकाची हाडे पोकळ होतात. सूत भरल्याशिवाय लूम चालवायला बसणारा आम्ही पाहिलेला नाही, पण माशीची बाटली लावण्याआधी बेडूक आणणारे पुष्कळ असतात. आमच्या मते बेडकाआधी महिनाभर माश्या पाळून पाहाव्यात. माशी जमली तर बेडूक जमेल.

पेटी काचेची, झाकण घट्ट. तळाला पाणी निथरायला खड्यांचा थर, वर माती, त्यावर वाळका पाला, जिवंत झाडे. पाणी क्लोरीन नसलेले. हवा सदा दमट. बेडूक आणण्याआधी पेटीही काही आठवडे चालवून पाहावी. ऊब साधारण 22 ते 26 अंश. 30 च्या पुढे जीव धोक्यात. आमच्या भागात एप्रिलमध्ये दुकानातच 38 असते आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. पंखा लावला तर ओल जाते. म्हणजे एका बेडकासाठी उन्हाळाभर थंड खोली. त्याचे विजेचे बिल मुलाने मांडलेच नव्हते. आणि हा जीव नीट राखला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. दहा उन्हाळे!

नवख्याने घ्यायचाच तर ऑराटस, ल्युकोमेलास किंवा टिंक्टोरियस घ्यावा, तोही पेटीत जन्मलेला, आणि इतरांपासून वेगळा ठेवून तपासलेला. बेडकांचा काळ ठरलेली कायट्रिड बुरशी 1999 साली शास्त्रज्ञांनी नोंदवली, ती वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील याच निळ्या बेडकावरून. ऊफागा जातीच्या वाटेला जाऊ नये. त्यात आई आपली अंडी पिल्लांना भरवते. माणसाला ते काम जमत नाही, म्हणून पैदास थोडी, भाव चढा आणि चोरी फार. जानेवारी 2024 मध्ये बोगोटाच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात असे 130 बेडूक सापडले, फिल्मच्या डब्यांत कोंबलेले. याच कोलंबियात इव्हान लोझानो यांनी 'तेसोरोस दे कोलंबिया' हा परवान्याचा पैदास उद्योग उभा केला. सचोटीचा माल बाजारात आणून चोरट्यांचे गिऱ्हाईक तोडायचे, हा त्यांचा हिशेब. व्यापारी म्हणून आम्हाला हा माणूस आवडला. पोलीस चोर पकडतो, पण चोराचा धंदा बसवतो तो दुसरा दुकानदारच.

पावतीचे राहिले. हे बेडूक 1987 पासून साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. आपल्याकडे 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्याला चौथी अनुसूची जोडली आणि 2024 च्या नियमांनी अशा जिवांची परिवेश पोर्टलवर नोंद सक्तीची केली. जीव हाती आल्यापासून तीस दिवसांत नोंद, पुढे पिल्ले झाली, विकली, मेला, तरी कळवायचे. आणलेल्या बेडकाला आयातीचे कागद हवेत. दलाल म्हणाला होता, "एवढ्याशा बेडकाला कोण विचारतो?" बिनबिलाच्या कापडाची गाठ नाक्यावर अडली तर दंड भरून सुटते. इथे खटला मुलाच्या नावावर चालतो आणि दलालाचा फोन लागत नाही.

पैसे आम्ही दिले नाहीत. मुलगा रागावला, पंधरा दिवस दुकानासमोरून सलाम न करता गेला. मग एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आखूड पंखांच्या माश्यांची बाटली घेऊन आला, दाखवायला. ती एप्रिलच्या उन्हात मेली. आता दुसरी लावली आहे, आमच्या गोदामाच्या सर्वांत थंड कोपऱ्यात, पॉपलिनच्या थानांमागे.