परसातील पानाचे शुभेच्छापत्र

नाताळ जवळ येऊ लागला, की शुभेच्छांची देवघेव सुरू होते. दिवाळीस, ईदेस व नववर्षासही तेच. पूर्वी या कामी पोस्टमन राबत असे. आता खिशातला मोबाइल राबतो. एकाने पाठविलेले रंगीत चित्र दुसऱ्याने तिसऱ्यास व तिसऱ्याने चाळीस जणांस पाठवावे, आणि त्या चाळिसांतील एकानेही ते क्षणभराहून अधिक पाहू नये, असा प्रकार घरोघर चालतो. पाठविणाऱ्यास श्रम नाहीत, घेणाऱ्यास आठवण नाही. आम्ही यंत्राचे वैरी नाही. मुंबईस चाकरीला गेलेल्या बापाचा आवाज येथे नांदगावात मुलाच्या कानी रोज पडतो, तो याच यंत्राच्या कृपेने. तथापि जे काम यंत्राने करावयाचे नाही, तेही त्याच्यावर सोपवून आपण मोकळे होऊ लागलो आहोत, हे आम्हांस बरे वाटत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : वर्षातून निदान एकदा, निदान एका माणसाकरिता, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परसातील पानाचा ठसा उमटवून स्वतःच्या हाताने शुभेच्छापत्र तयार करावे व ते पोस्टाने पाठवावे. शाळेने त्यास गुण देऊ नयेत, आणि पालकांनी त्यास हात लावू नये.

प्रथम शुभेच्छापत्राचा थोडा इतिहास पाहू. छापील नाताळपत्राचा आरंभ १८४३ साली लंडन शहरी झाला. हेन्री कोल या गृहस्थांचा १८४० सालच्या एक पेनी टपालाच्या योजनेत हात होता. टपाल स्वस्त झाले, पत्रे वाढली, आणि सणाच्या दिवसांत आलेल्या सर्व पत्रांस उत्तरे लिहावयास त्यांना सवड होईना. तेव्हा त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले व त्याच्या सुमारे एक हजार प्रती शिळाछापावर काढून हाताने रंगविल्या. एका प्रतीची किंमत एक शिलिंग, म्हणजे पत्र पोचविण्याच्या खर्चाच्या बारापट होती! यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली ही, की छापील शुभेच्छापत्र जन्मले तेच मुळी श्रम वाचविण्याकरिता. दुसरी ही, की ते आरंभी गरिबाकरिता नव्हते.

मोबाइलवरील चित्र हे कोलसाहेबांच्या त्या पत्राचेच नातवंड आहे, असे कोणी म्हणेल, तर आम्ही ते नाकारणार नाही. म्हणूनच जुने ते सोने असे म्हणून दुकानातील छापील पत्राची तरफदारी आम्ही करीत नाही. छापील पत्रात आणि मोबाइलवरील चित्रात आम्हांस फारसे अंतर दिसत नाही. दोहोंतही दुसऱ्याचे चित्र व दुसऱ्याचे शब्द आपण आपले म्हणून पुढे करतो. अंतर आहे ते उसन्या शुभेच्छेत आणि आपल्या हातच्या शुभेच्छेत.

आता पानाचाच ठसा का, असे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर असे, की पानाच्या ठशाची आपल्या कोकणास जुनी ओळख आहे. नागपंचमीस ज्या घरी पातोळ्या होतात, त्या घरच्या मुलाने हळदीच्या पानाची घडी उलगडून पाहावी. उकडलेल्या पिठावर पानाच्या सगळ्या शिरा रेघ न् रेघ उमटलेल्या दिसतात. गोव्यातील व आपल्या भागातील पुष्कळ ख्रिस्ती घरांत पंधरा ऑगस्टच्या मरियेच्या सणास हाच पदार्थ होतो, आणि त्याच्या पाठीवरही हाच ठसा असतो. पावसाळ्यात ओढ्याकाठी एक नेचा उगवतो, त्याच्या पानाची पाठ पांढऱ्या भुकटीने माखलेली असते. ते पान मनगटावर ठेवून वर हात मारला, की पांढरी नक्षी उठते. हा खेळ कोणत्या शाळेत शिकवितात? तो मुलेच मुलांना शिकवितात. गणेशचतुर्थीच्या माटवीस बांधावयाची शेरवड व कवंडळ रानातून शोधून आणणारी मुलेही आमच्या वर्गात आहेत. पान ओळखणारा डोळा व पान खुडणारा हात आमच्या विद्यार्थ्यांपाशी आधीच आहे. कागद व रंग तेवढा द्यावयाचा आहे.

पाश्चात्त्य देशांतही ही विद्या जुनी आहे. लिओनार्दो दा विंची याच्या मिलान येथे जतन केलेल्या कागदांत एका पानाचा ठसा असून तो कसा घ्यावा याची टीपही त्याने लिहून ठेविली आहे. परंतु विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी गोष्ट बेंजामिन फ्रँक्लिन याची आहे. अमेरिकेत इ. स. १७३० नंतरच्या दशकात तो वसाहतींच्या कागदी नोटा छापीत असे. खोट्या नोटा करणाऱ्यांचा तेव्हा सुळसुळाट होता. फ्रँक्लिनने खऱ्या पानावरून धातूचा ठसा ओतविला व तो नोटेच्या पाठीवर छापला. कसबी कोरक्यास माणसाची सही उतरविता येते, वेलबुट्टी उतरविता येते. पण पानाच्या बारीक शिरांचे जाळे, कोठे जाड तर कोठे केसाहून बारीक, हुबेहूब कोरणे त्यास साधेना. एकाच झाडाची दोन पाने घेतली तरी ती सारखी नसतात. हाच त्या नोटेच्या खरेपणाचा पुरावा झाला. शुभेच्छापत्राविषयीही आमचे हेच म्हणणे आहे. ज्या पत्रावर तुमच्या परसातील जास्वंदीचे पान उमटले आहे, तसे दुसरे पत्र जगात नाही. ते खोटे करता येत नाही आणि चाळीस जणांस पुढेही ढकलता येत नाही.

कृती सोपी आहे. ज्याच्या पाठीवरील शिरा उठून दिसतात असे पक्के पान घ्यावे. कोवळे पान दाबाखाली फाटते. ते पुसून जुन्या वर्तमानपत्रात ठेवावे व वर पुस्तकांचे ओझे ठेवून एक रात्र जाऊ द्यावी, म्हणजे पान सपाट होते, पण वाळून कडक होत नाही. पोस्टर रंग दाट कालवावा. पानास मेणचट तकाकी असते, तिच्यावर पातळ रंग ठरत नाही. रंगात किंचित साबण घोळला म्हणजे तो नीट बसतो. रंग विकत घेणे न परवडले तर दिव्यावर धरलेली काजळी दोन थेंब तेलात खलावी. मात्र तेल अधिक झाले तर कागदावर डाग पसरतो. कापडाच्या पुरचुंडीने पानाच्या पाठीस रंग टिपटिपून लावावा, ब्रशाने फासू नये. मग ती बाजू कागदावर ठेवून वर दुसरा कागद घालावा, एका हाताने पान धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने देठापासून टोकापर्यंत दाबीत जावे व देठ धरून पान अलगद उचलावे. पहिला ठसा बहुधा गिचमिड येतो. दुसरा-तिसरा नितळ येतो. त्यामुळे पहिल्या ठशावरून कोणी निराश होऊ नये.

जास्वंद, शेवगा, कढीनिंब, पिंपळ व नेचे यांचे ठसे उत्तम येतात. फणसाचे पान जाड आहे, पण पाठीचा कणा ठळक उमटतो. रुई व शेर यांना हात लावू नये, त्यांचा चीक डोळ्यांत गेल्यास मोठी इजा होते. बिब्ब्यापासूनही दूर राहावे. एका पत्रास एक पान पुरते; त्याकरिता फांदी मोडू नये. देवाने पिंपळाचे झाड आमच्या चित्रकलेच्या तासाकरिता निर्माण केलेले नाही.

या कामात अभ्यास बुडतो, असा आक्षेप पालकांकडून येईल, विशेषतः दहावीच्या मुलांच्या पालकांकडून. त्यास आमचे उत्तर आहे. केळ, नारळ व हळद यांच्या पानांतील शिरा समांतर जातात. जास्वंद, वड व फणस यांच्या पानांत त्यांचे जाळे होते. एकदल व द्विदल वनस्पतींतील हा भेद पुस्तकातून पाठ केलेला मुलगा परीक्षेनंतर विसरतो. ज्याने दोन्ही पानांचे ठसे शेजारी शेजारी घेतले, तो सहसा विसरत नाही. वनस्पतिशास्त्रानेही या कलेचा उपयोग करून घेतला आहे. व्हिएन्नाच्या सरकारी छापखान्यात पान शिशाच्या पत्र्यात दाबून त्यावरून छापण्याची रीत निघाली. तीच रीत वापरून हेन्री ब्रॅडबरी याने १८५५ साली ब्रिटनमधील नेच्यांचा मोठा ग्रंथ छापला. आपल्याकडील उदाहरण तर त्याहून जुने आहे. मलबारातील वनस्पतींवरील 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याची चित्रे ताम्रपटावर कोरलेली आहेत, पानांचे ठसे नव्हेत. परंतु त्यातील वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित व आपुभट हे तीन कोकणी वैद्य होते, आणि त्यांचे १६७५ सालचे प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. पान न् पान न्याहाळून ओळखण्याची ही विद्या आपल्या पूर्वजांनी अभ्यास बुडवून मिळविली नव्हती. तोच त्यांचा अभ्यास होता.

दुसरा धोका आम्हांस अधिक वाटतो, व तो पालकांच्या मायेतून उत्पन्न होतो. शाळेने हस्तव्यवसायाचे काम घरी दिले, की रात्री दिव्याखाली आई कातरते, बाप चिकटवितो आणि मूल झोपी जाते. सकाळी वर्गात सुबक वस्तू येते व मुलाच्या अंगी लबाडीचा पहिला धडा येतो. पालकहो, तुमच्या मुलाचा ठसा वाकडा उमटला तर उमटू द्या. आजीस वाकडे पत्र चालते; दुसऱ्याने केलेले पत्र नातवाचे म्हणून तिच्या हाती देणे हे तिची फसवणूक करणे होय. म्हणूनच यास गुण नकोत व बक्षीसही नको, असे आम्ही वर म्हटले. जेथे गुण आले तेथे घरचे हात आलेच.

हातांचे काम एकदा सुटले म्हणजे ते परत आणणे किती कठीण जाते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. सावंतवाडीचे गंजिफे एके काळी नावाजलेले होते. दशावतारी गंजिफ्याच्या एका संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस गोल पाने असतात, व प्रत्येक पान हाताने रंगविलेले असते. छापील पत्त्यांचे जोड स्वस्तात मिळू लागले आणि ही कला जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. १९७० च्या सुमारास राजेसाहेब शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिचा पुनरुद्धार केला, म्हणून ती आज दिसते. प्रत्येक कलेच्या नशिबी राजवाडा नसतो. घरगुती कलांचा राजवाडा म्हणजे घरच.

हे पत्र कोणास पाठवावे? ज्याच्याकडून परत काही यावयाचे नाही त्यास, असे आम्ही सांगू. वाडीतील एकट्या म्हाताऱ्यास, यंदा ज्या घरी दुःख झाले त्या घरास, गाव सोडून गेलेल्या जुन्या सोबत्यास. मुंबईस दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या काकास गावच्या झाडाचे पान पाकिटातून मिळाले, तर त्यास काय वाटेल हे आम्ही लिहावयास नको. आमच्या शाळेत निरनिराळ्या धर्मांची मुले आहेत. नाताळास मित्राकडून पत्र मिळालेल्या मुलाने चतुर्थीस व ईदेस आपले पत्र पाठवावे. पानास जात नाही व धर्मही नाही.

डोंगरावरील प्रवचनात आमच्या प्रभूने शिष्यांची दृष्टी रानातील फुलांकडे वळविली, आणि मंदिराच्या भांडारापाशी विधवेच्या दोन टोल्यांची किंमत श्रीमंतांच्या दानाहून अधिक मानिली. एक पान, एक कोरा कागद, थोडी काजळी व अर्ध्या तासाचे श्रम, एवढी पुंजी आमच्या शाळेतील सर्वांत गरीब मुलापाशीही आहे. पत्रात दोन ओळी लिहाव्यात, पण त्या आपल्या असाव्यात. अक्षर चांगले नसले तरी चालेल. खाली झाडाचे नाव व आपले नाव लिहावे. पाकिटावर पत्ता मात्र सुवाच्य असावा, आणि पत्र सणाच्या आठ दिवस आधी पेटीत पडावे.