सादरीकरणात वक्तृत्वापेक्षा हिशेब महत्त्वाचा

विश्लेषण

नवी दिल्ली : नवउद्योगासाठी भांडवल मागताना किती पैसे हवेत, ते कशावर खर्च होणार आणि बदल्यात कंपनीचा किती हिस्सा द्यायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे संस्थापकाकडे तयार असावी लागतात. ती नसतील तर चांगली कल्पनाही त्याला महागात पडते.

केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने १५ जानेवारी २०२५ पर्यंत १.५९ लाखांहून अधिक नवउद्योगांना मान्यता दिली होती. त्यात महाराष्ट्र अग्रस्थानी आहे. मात्र २०२१ मधील विक्रमी गुंतवणुकीनंतर निधीचा ओघ आटला आणि गुंतवणूकदार वाढीच्या वेगासोबत नफ्याची मुदतही विचारू लागले.

कॅनॉट प्लेसला इंडिया गेटशी जोडणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. राज्यातून राजधानीत येणाऱ्या उद्योजकापुढे येथे दोन दारे असतात : योजना आखणारे केंद्र सरकार आणि दिल्ली, गुरुग्राम व नोएडातील खासगी भांडवल. कोणते दार आधी ठोठावायचे, यावर पुढचा सौदा बराच अवलंबून असतो.

मालेगावचा सौदा

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्याचे कमलेश घुमरे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘शार्क टँक इंडिया’च्या पहिल्या पर्वात त्यांनी फवारणीसह शेतीची अनेक कामे करणारी हातगाडी मांडली. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर औषध उडते, ही अडचण त्यांनी घरातच पाहिली होती. इंग्रजीचा आधार न घेता त्यांनी ती प्रात्यक्षिकासह समजावून सांगितली आणि परीक्षकांना ती पटली.

घुमरे यांनी १० टक्के हिश्श्यासाठी ३० लाख रुपये मागितले होते. म्हणजे कंपनीचे मूल्य तीन कोटी रुपये धरले होते. लेन्सकार्टचे सहसंस्थापक पीयूष बन्सल यांनी ४० टक्के हिश्श्यासाठी १० लाख रुपये आणि २० लाख रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. तीस लाखांची गरज भागली, पण हिश्श्याच्या हिशेबाने कंपनीचे मूल्य २५ लाखांवर, म्हणजे मागणीच्या बाराव्या भागावर आले. बाजारातील विक्रीची भक्कम नोंद पाठीशी नसली की घासाघीस करण्याची ताकद अशी कमी होते.

या फरकाचा परिणाम पुढच्या फेऱ्यांत दिसतो. पहिल्याच फेरीत ४० टक्के हिस्सा गेलेल्या संस्थापकाने नंतरच्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी २० टक्के नवा हिस्सा दिला, तर त्याच्याकडे ३८.४ टक्केच उरतात. सुरुवातीला १० टक्के देणाऱ्याकडे तितक्याच फेऱ्यांनंतर ५७.६ टक्के राहतात. पहिल्याचे बहुमत जाते, दुसऱ्याचे टिकते.

पुरावा आधी, हिस्सा नंतर

म्हणूनच हिस्सा विकण्यापूर्वी पुरावा उभा करणे हिताचे ठरते. केंद्राने २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची बीज निधी योजना आणली. तीत इन्क्युबेटरमार्फत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहात निवड झालेल्या नवउद्योगांना १५ लाख रुपयांपर्यंतचे सरकारी कार्यादेश देण्यात आले. कार्यादेश हाती असणे म्हणजे ग्राहक मिळाल्याचा पुरावाच.

सादरीकरणाचा गाभा एका नगाच्या हिशेबात असतो : तयार करण्याचा खर्च, विक्रीची किंमत, विक्रेत्याचे कमिशन आणि दुरुस्तीचा भार. शेती अवजारांत यात हंगामाची भर पडते. मागणी पेरणीच्या तोंडावर काही आठवड्यांत एकवटते, तर उधारीची वसुली पीक हाती आल्यावर होते. मधले महिने पैसा अडकून राहतो. ही अडचण संस्थापकाने स्वतःहून मांडली, तर त्याला धंदा कळतो याची खात्री पटते; गुंतवणूकदाराने ती शोधून काढली, तर बाकीच्या आकड्यांवरही शंका येते.

निधीची मागणीही टप्प्यांशी जोडलेली असावी. ‘विस्तारासाठी ३० लाख’ या मागणीपेक्षा साचे, पहिली खेप, शेतावरील चाचण्या आणि खेळते भांडवल अशी फोड अधिक विश्वासार्ह ठरते.

शेवटचा प्रश्न संस्थापकाने स्वतःलाच विचारायचा असतो. व्हेंचर फंडांना ठरलेल्या मुदतीत आपल्या गुंतवणूकदारांचे पैसे अनेक पटींनी परत करायचे असतात. दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणारा, नफ्यातला कारखाना चांगला धंदा असला, तरी त्या गणितात तो बसत नाही. त्याच्यासाठी बँकेचे कर्ज स्वस्त पडते आणि मालकीही शाबूत राहते. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून एंजल कर संपुष्टात आल्याने खासगी भांडवलाच्या वाटेतील एक अडसर दूर झाला आहे. त्या वाटेने जावे का, याचा हिशेब मात्र प्रत्येक उद्योजकाला स्वतःच मांडावा लागेल.